गुडघ्यापाशी रंग बदलतो

आमच्या गावात नदीच्या दोन्ही काठांना मोज्यांचे कारखाने.
आजोबा सांगायचे, इथून पेट्या भरभरून
रेशमी मोजे जायचे दूर समुद्रापलीकडच्या बायांसाठी.
आणि आम्हा पोरांच्या पायांत
रफूवर रफू केलेले, तपकिरी, टोचरे.
दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या पोटऱ्यांवर होता.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात दिवाही गेला.
यंत्रं खोलली, खोक्यांत ठोकली,
पूर्वेकडं जाणाऱ्या मालगाडीत चढली.
फरशीवर राहिले तेलाचे चौकोनी डाग
आणि वाकड्या सुया.
आम्ही त्यांचे गळ केले.
नदीत मासे होते की नव्हते, आठवत नाही.

आईनं बाबांचा स्वेटर काढला,
राखाडी, कोपरांवर विरलेला.
म्हणाली, हात पुढे कर, ओर्टविन.
मी उभा, दोन्ही हात खुंट्यांसारखे,
आणि ती उसवत गेली.
आधी गळा.
मग खांदे.
मग छाती, जिथं मी डोकं टेकायचो म्हणे.
वेढ्यावेढ्यानं बाबा माझ्या मनगटांवर जमत होते,
कुरळे, डांबरगोळीच्या वासाचे.
हात भरून आले तरी मी खाली सोडले नाहीत.
ते आलेच तर काय घालतील,
हे ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मग रात्री दिव्याच्या वातीएवढ्या उजेडात
एक सुलट, एक उलट.
थोरली गेर्लिंडे आधी, तिचे पूर्ण झाले.
माझे मांडीपासून सुरू झाले
आणि गुडघ्यापाशी राखाडी लोकर संपली.
पुढं रोस्विथा मावशीची शाल.
जांभळी.

वर्गात माझं नाव पडलं ‘दुमजली’.
अर्ध्या चड्डीखाली थंडीनं कडकडणारी वीस पोरं,
सगळी तपकिरी, एक मी.
मोजे वर धरायला आतून कापडी बंडी,
बंडीला इलॅस्टिकचे बंद, बंदांना गुंड्या.
डावीकडची गुंडी हरवली
तेव्हा आईनं तिथं एक फेनिग अडकवून दिला.
घरात तेवढीच नाणी होती, त्यातलं एक
माझा मोजा सांभाळायच्या नोकरीवर.
एकदा गुरुजींनी कोळशासाठी वर्गणी मागितली.
मी खिसे उलटे केले, मान खाली घातली,
आणि बाकावरून उठताना
माझी श्रीमंती खणकन फरशीवर पडली.
पाठोपाठ जांभळा मजला घोट्यावर.
सगळे हसले. गुरुजीही.
फेनिग त्यांनी परत दिला.

मार्चमध्ये स्टेशनवर गाडी आली, तीन तास उशिरा.
उतरलेली माणसं आमच्याकडं बघत चालली,
आम्ही त्यांच्याकडं.
कुणी कुणाला ओळखावं, हा दोन्हीकडं प्रश्न.
एक जण पुढं जाऊन थांबला.
माझ्या चेहऱ्याकडं नाही, पायांकडं बघत राहिला.
मग खाली बसला, हाडं वाजली त्याची,
आणि जिथं रंग बदलतो तिथं,
त्याची बाही जिथं संपली होती तिथं,
त्यानं तळवा ठेवला,
जणू बाहीत हात घालतोय.

हा माझा आहे, तो म्हणाला.

मी घाबरून म्हटलं,
घरी गेल्यावर परत देईन.

पुढं कारखाने पुन्हा सुरू झाले,
माझ्या मुलाला गुळगुळीत, ताणणारे मोजे मिळाले,
ना बंडी, ना बंद, ना खाज.
हेनिंगला ही गोष्ट सांगितली
तर त्यानं एवढंच विचारलं, की टोचायचे का खूप?

टोचायचे.
थंडी पडली की अजून पोटऱ्या खाजवतो मी.
जांभळ्या भागातच. वरचा कधी टोचला नाही,
किंवा टोचत असेल,
मी कुणाला सांगितलं नसेल.